मानाचा पाना

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, ऑनररी कॅप्टन उदयसिंह धुमाळ साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेल्या बोरजाईवाडीच्या सरपंच हरणाबाई. माजी सैनिक संघाचे सर्व पदाधिकारी. ज्यांच्या कौतुकासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त होऊन आज सकाळीच घरी परतलेल्या संयोगिताताई धायगुडे. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री मनुबाई. समोरचे आजी-माजी जवान आणि माता-भगिनी. आणि या सभागृहाच्या दाराबाहेर गळ्यात हार घालून उभे असलेले आपले वयोवृद्ध सुभेदार, या सर्वांना सांगलीच्या ब्राह्मी मगदूमचा नमस्कार.

बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायला हवं की सुभेदार म्हणजे माणूस नव्हे, गावचा ट्रक आहे. पण इथं त्याला कुणी ट्रक म्हणत नाही. 'सुभेदार निघाले', 'सुभेदारांना पेट्रोल पाजलं', असंच बोलतात. मीही आता तसंच बोलते, कारण एकदा चुकून 'तुमची गाडी' म्हणाले तेव्हा सुभेदारांच्या ड्रायव्हरनं, नाथाजींनी, दिवसभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

प्रास्ताविकात माझा उल्लेख उद्योजिका असा झाला. संयोजकांचा मान राखून सांगते, सांगलीत मला लेथवाली बाई म्हणतात आणि मला तेच आवडतं. माझे वडील भरतेश मगदूम यांनी लेथवर कातकाम करायचं दुकान घातलं आणि मी ते चालवते. आमच्याकडे येतात ती इंजिनं बहुतेक म्हातारी असतात, दहा ठिकाणी 'भंगारात घाला' असं ऐकून आलेली. माझ्या हातचं काम तक्रार घेऊन परत आलेलं नाही. हे मी फार विनयानं सांगत नाहीये. लेथच्या आवाजात बोलून माझा गळा मोठा झालाय, त्यामुळे माईक थोडा लांब ठेवला तरी चालेल.

आता मूळ विषयाकडे वळते. बोरजाईवाडीत घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. माजी सैनिक संघानं फार वर्षांपूर्वी लष्कराच्या लिलावातून हा पेट्रोलचा ट्रक आणला. पेन्शनीत आलेल्या जवानाला लोणंद स्टेशनवर उतरवून घ्यायचं, सुभेदारात उभं करायचं आणि हलगीच्या तालावर गावात आणायचं, अशी रीत पडली. इतकी देखणी रीत मी दुसऱ्या गावात पाहिलेली नाही. पण मान म्हटला की त्याला काहीतरी वस्तू लागते. कुठे मानाचा नारळ असतो, कुठे मानाची काठी असते. या गावात मानाचा पाना आहे.

तो कसा सुरू झाला? नाथाजी शेळके, म्हणजे पहिल्या दिवसापासून सुभेदारांचे सारथी, त्यांनी मला ते सांगितलं. पहिल्याच खेपेला स्टेशनासमोर सुभेदार सुरू होईनात. ज्यांना आणायला गेले होते ते हवालदारसाहेब स्वतःच बॉनेट उघडून वाकले. सगळ्यात पुढचा स्पार्क प्लग ढिला झाला होता. त्यांनी पाना घालून तो आवळला, सुभेदार चालू झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस बिचारा गाडी दुरुस्त करत होता हो. पण पुढच्या वर्षी जो आला, त्यानंही तोच प्लग आवळला. त्याच्या पुढच्यानंही आवळला. प्लग ढिला आहे की नाही हे बघायचं मग कुणाच्या मनातच राहिलं नाही.

बरं, नुसता पाना लावून भागत नाही. जवान वाकला की भोवतीची माणसं 'अजून, अजून' म्हणून ओरडणार आणि तो मानेच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत जोर लावणार. कमी लावला तर जन्मभर ऐकून घ्यायचं, 'काय रं गड्या, मिल्ट्रीत जेवाय मिळत न्हवतं व्हय?' अध्यक्ष महाराज, आपण आलात तेव्हा पान्याची दांडीच वाकली होती, असं नाथाजी शपथेवर सांगतात. आपण हसताय, त्या अर्थी ते खरं असावं.

आता प्लग असतो पोलादाचा आणि त्याला जिथं बसवतात ते इंजिनाचं डोकं, ज्याला आम्ही हेड म्हणतो, ते सुभेदारांचं अ‍ॅल्युमिनियमचं आहे. या दोघांच्या भांडणात दर वेळी अ‍ॅल्युमिनियम हरतं. प्लगाला धरून ठेवणारे आतले आटे हळूहळू ओढले जातात, चपटे होतात आणि एक दिवस त्यांची भुकटी होते. तुमच्या फौजेतल्या मनगटांबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून एका बोटभर भोकावर जेवढा मान केला, तेवढा कुठल्याच धातूला सोसत नाही.

आणि तसंच झालं. मागच्या जवानाला घेऊन येताना सालप्याच्या चढावर प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि बॉनेटवर जाऊन आदळला. ट्रकात उभी असलेली सगळी माजी सैनिक मंडळी तो आवाज ऐकून क्षणात आडवी झाली, असं ऐकते. सवय जात नाही, त्यात हसण्यासारखं काही नाही. नाथाजींनी उरलेल्या पाच प्लगांवर सुभेदारांना खोकत खोकत घरी आणलं आणि मग दुरुस्ती केली. कशी केली? पाण्याच्या नळाला करतात तशी. प्लगाला सूत गुंडाळलं, वर सफेदा लावला आणि पिळून बसवला. तो बसला वाकडा, आणि जे काही आटे उरले होते तेही घेऊन गेला. नाथाजी, तुम्ही माझ्याकडे बघू नका. त्या दिवशी दुकानात जे बोलायचं ते मी तुम्हाला बोलले आहे.

हे सगळं झालं आणि पुढची पाळी संयोगिताताईंची होती.

इथून पुढे जरा सांभाळून बोलावं लागेल, कारण मी पाहुणी आहे आणि जेवण अजून व्हायचं आहे. सुभेदार बंद पडले तेव्हा गावात काही मंडळींना वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. कुणी म्हणालं, ती पोलीस दलात होती, फौजेत कुठं होती? कुणी म्हणालं, बाईमाणसानं एवढा मोठा पाना कसा मारायचा? कुणी म्हणालं, लग्न झालेल्या पोरीचा मान सासरच्या गावानं करावा. त्यावर मनुबाईंनी विचारलं म्हणे, 'तिच्या सासरी सुभेदार हाय का?' शेवटी सर्वांच्या सोयीचं असं एक वाक्य निघालं, की ट्रक तर आजारीच आहे, यंदा जीप करू.

मनुबाई या गावच्या वेशीवर आरतीचं ताट घेऊन वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या आहेत. दुसऱ्यांच्या लेकरांना त्यांनी सुभेदारातून उतरताना ओवाळलं. आपल्या लेकीला जीपमधून उतरताना ओवाळायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी नाथाजींना हेड उतरवायला लावलं. साताऱ्यात दोन-तीन ठिकाणी दाखवलं तर उत्तर आलं, दुसरं हेड बघा, आणि इतक्या जुन्या इंजिनाचं दुसरं हेड कुठं मिळणार? मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. एके दिवशी नाथाजींनी टेम्पो माझ्या दारात थांबवला. वाकळेत गुंडाळलेलं हेड मांडीशी धरून मनुबाई मागे बसल्या होत्या. मला वाटलं, कुणी आजारी आहे.

मी हेड पाहिलं आणि सांगितलं, होईल. त्यांचा विश्वास बसेना.

"आवं ताई, साताऱ्यात न्हाई म्हनालं."

"म्हणू दे. मी होईल म्हणते."

काम कसं करतात ते दोन शब्दांत सांगते. खराब झालेलं भोक आधी सरळ आणि थोडं मोठं करायचं. मग टॅपनं, म्हणजे आटे कापायच्या हत्यारानं, त्याला नवे, मोठे आटे पाडायचे. त्यात पोलादाची बांगडी बसवायची, जिला बाहेरूनही आटे असतात आणि आतूनही. बाहेरच्या आट्यांनी ती हेडात पक्की बसते आणि आतल्या आट्यांत आपला नेहमीचा प्लग बसतो. बांगडी आतल्या बाजूनं केसभरही पुढे डोकावता कामा नये. टॅप फिरवताना अर्धा फेरा पुढे गेलं की पाव फेरा मागे यायचं. पुढे जाताना धातूचा किस निघतो, मागे येताना तो तुटतो. मागे न येता दामटत राहिलं तर टॅप अडकतो आणि मोडतो. मनुबाई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "जात्यागत एकाच अंगाला फिरवायचं न्हाई व्हय?" मी म्हटलं, नाही. इथं माघार घेता आली पाहिजे.

बांगडी बसली. नवा प्लग बोटांनी फिरवला तर लोण्यात जावा तसा गेला. मनुबाईंनी स्वतः फिरवून बघितला, दोनदा बघितला. आणि मग मी माझी अट सांगितली. म्हटलं, आता मानाचा पाना बंद. कुणीही जोर लावला तर ही बांगडी हेडासकट फाटेल आणि त्यानंतर ब्राह्मी मगदूमच काय, कुणीच काही करू शकणार नाही.

मनुबाईंनी प्लग आणखी एकदा बोटांनी फिरवला. मग म्हणाल्या, "आजवर समद्यांनी पिळला. गावानं टाळ्या वाजवल्या. आन् माज्या लेकीच्या येळंलाच बंद?"

मंडळी, मी या धंद्यात आले तेव्हा मला लेथला हात लावायला मनाई करणारे दर वेळी माझ्या भल्याचंच सांगायचे. साडी अडकेल, हात जाईल. ते खोटंही बोलत नव्हते. म्हणून मनुबाईंचं बोलणं मला लागलं. मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार होते? समोर वाकलंय ते बाई आहे की गडी, हे धातूला कळत नाही. तो जोर बघतो. मी अट मागे घेतली नाही आणि त्या उठून टेम्पोत जाऊन बसल्या.

पुढे गावात बैठक झाली. कॅप्टनसाहेबांनी माझी अट जशीच्या तशी सांगितली आणि यंदापासून पाना बंद, त्याऐवजी सुभेदारांना हार, असा ठराव मांडला. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. पण ऐकणाऱ्यांच्या कानात ते 'बाईची पाळी आली म्हणून पाना बंद' असंच पडलं. मनुबाई भर बैठकीतून उठून गेल्या. तेव्हा कुणीतरी तोड काढली, की पाना नुसता लावल्यासारखा करायचा, जोर लावायचा नाही, फोटो तेवढा निघेल. ही तोड सगळ्यांना पटली. फक्त जिचा मान होता तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिचा मला फोन आला. आधी ओळख नाही, पाळख नाही. मागे कुठेतरी परेडच्या शिट्ट्या वाजत होत्या.

"ताई, मी संयोगिता, मनुबाईंची. एकच इचारायचं हाय. जोर नको म्हनालाय, ते माज्यासाठी नको, का कुनासाठीच नको?"

"कुणासाठीच नको."

"मग प्लगाला लागतं किती?"

तुम्हाला सांगते, सगळ्या गावाच्या इतक्या वर्षांच्या मानात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. इंजिन थंड पाहिजे. गरम हेडातून प्लग काढला तर आटे त्याच्याबरोबर येतात. नवा प्लग हातानंच लावायचा, वॉशर टेकेपर्यंत पान्याला शिवायचं नाही. टेकला की पान्यानं अर्धा फेरा. तिथं थांबायचं.

"मग मी खराच लावीन, आन् तेवढाच लावीन. फोटूसाठी नाटक मला जमायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते सांगायला शब्द शोधत बसत नाही. मला ती बाई आवडली. आणि मी ठरवलं, ती येईल त्या दिवशी लोणंदला जायचंच.

आज सकाळचा प्रकार तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला. पण वेशीवर ताटकळलेल्या मंडळींना एवढा उशीर का झाला हे कळलं नसेल, म्हणून सांगते. रेल्वेतून ताई उतरल्या, हार झाले, हलगी कडाडली. नाथाजींनी बॉनेट उघडलं आणि पाना पुढे केला. ताईंनी पाना घेतला, पण आधी हेडावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. म्हणाल्या, "गरम हाय."

सुभेदार गावातून आत्ताच आले होते, गरम असणारच. नाथाजी म्हणाले, काय होत नाही. ताईंनी मान हलवली, पाना बगलेत धरला आणि मडगार्डला टेकून उभ्या राहिल्या. हलगीवाले वाजवून दमले आणि लिंबाखाली जाऊन बसले. कुणी चहा मागवला. कुणी म्हणालं, बाईला हात लावायचं भ्या वाटतंय. हे त्यांच्या कानावर गेलं, माझ्याही गेलं. त्या हलल्या नाहीत. थोड्या थोड्या वेळानं हेडाला हात लावून बघायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या.

शेवटी कॅप्टनसाहेब पुढे झाले. म्हणाले, "संयोगिता, सगळं गाव वाट बघतंय."

"बघू द्या की साहेब. म्या बी लय वर्सं बघितली."

साहेब सुभेदारांच्या पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि हेड निवेपर्यंत तिथून उठले नाहीत. अध्यक्ष महाराज, आपण वाकवलेल्या दांडीपेक्षा मला आपलं हे बसणं मोठं वाटलं.

हेड निवलं. ताईंनी आधीचा प्लग काढला, नवा घेतला आणि दोन बोटांनी फिरवत लावला. तो टेकल्यावर पाना चढवला. आता पाना दिसल्यावर माणसांना राहवतं होय? सवयीनं ओरडा सुरू झाला, अजून, अजून. ज्यांनी सकाळपासून नाकं मुरडली होती तेही ओरडत होते. हलगीवाले उठले. ताईंनी अर्धा फेरा दिला. लोक आणखी ओरडायला लागले. त्यांनी पाना काढला, पुसला आणि नाथाजींच्या हातात परत दिला.

एवढ्या ओरड्यात तिथं थांबलेलं माणूस बोरजाईवाडीनं पहिल्यांदाच पाहिलं. कुणाला कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. नाथाजींनी किल्ली फिरवली आणि सुभेदार पहिल्या दमात चालू झाले, सहाही प्लगांवर. इतका साफ आवाज नाथाजींनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते, आणि मी माझं काम म्हणून एक्झॉस्टच्या धुराचा रंग बघत होते, पण मला काही नीट दिसत नव्हतं.

मनुबाई आज वेशीवर थांबल्या नव्हत्या, ताट घेऊन थेट स्टेशनवर आल्या होत्या. खोटं कशाला सांगू, त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं होतं, लेक असा पाना ओढेल की सगळ्या गड्यांची तोंडं बंद होतील. त्या पुढे आल्या आणि हळूच विचारलं, "झालं?"

"झालं आये."

"एवढंच?"

"एवढंच लागतं."

मनुबाईंनी लेकीकडे बघितलं. मग त्या ओळीनं उभ्या असलेल्या सगळ्या माजी सैनिकांकडे वळल्या, एकेकाचं तोंड निरखलं, आणि सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग ही समदी एवढी वर्सं कशापायी घाम गाळत हुती?"

कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मनुबाईंनी ताट उचललं आणि लेकीला ओवाळलं. तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता.

संयोगिताताई, तुमचं पुढचं आयुष्य सुखाचं जावो. यापुढे इथं येणारा प्रत्येक जवान थंड इंजिनात हातानं नवा प्लग लावेल, असं कॅप्टनसाहेबांनी मघाशी चहा घेताना मला सांगितलं. ते त्यांनी इथं माईकवरही सांगावं, म्हणजे ठरावात येईल. मला बोलावल्याबद्दल संघाची, सरपंचांची आणि हेड वाकळेत गुंडाळून सांगलीपर्यंत आणणाऱ्या मनुबाईंची मी ऋणी आहे. बोलताना कुणाच्या पदाचा, वयाचा किंवा मिशीचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लेथवाली बाई म्हणून उदार मनानं पोटात घाला. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. नमस्कार.